साउंड कार्ड कधी बदलावे?

संगणकात गाणे, चित्रपट किंवा खेळ यांतला ध्वनी आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. स्पीकरचा पडदा मात्र आकड्यांनी हलत नाही, त्याला कमीजास्त होणारा विद्युतदाब लागतो. आकड्यांचे दाबात रूपांतर करायचे आणि तो दाब हेडफोनपर्यंत किंवा स्पीकरपर्यंत पुरेशा ताकदीने पोहोचवायचा, हे साउंड कार्डाचे मूळ काम. रूपांतर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात आणि ताकद देणाऱ्याला अ‍ॅम्प्लिफायर. मायक्रोफोनचा आवाज आत घेण्यासाठी उलट दिशेने काम करणारा आणखी एक भाग असतो. आज घरगुती संगणकासाठी मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मदरबोर्डवर हे सगळे आधीपासून बसवलेले येते. म्हणून नवे कार्ड घ्यायचे तर आहे त्यात नेमके काय कमी पडते, हे आधी ठरवावे लागते.

सुरुवातीला परिस्थिती वेगळी होती. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये एक लहानसा स्पीकर होता आणि तो मुख्यतः बीप करी. १९८७ मध्ये कॅनडातल्या अ‍ॅडलिब कंपनीने यामाहाची एक चिप वापरून संगीत वाजवणारे कार्ड काढले. ही चिप एका वेळी नऊ स्वर काढू शके, पण ध्वनिमुद्रित बोलणे किंवा बंदुकीचा खरा आवाज ऐकवण्याची सोय तिच्यात नव्हती. ती उणीव सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर आणून भरून काढली. तीच यामाहाची चिप, जोडीला मुद्रित आवाज वाजवण्याची व्यवस्था, शिवाय जॉयस्टिक लावायचे पोर्टही त्याच कार्डावर! एका खर्चात तीन कामे होत असल्याने गिऱ्हाईक तिकडे वळले आणि पुढची कित्येक वर्षे खेळांच्या खोक्यांवर साउंड ब्लास्टरचे नाव छापलेले असे. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ ने सीडीच्या तोडीचा, म्हणजे १६ बिटचा आवाज घरात आणला. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हमध्ये ईएएक्स नावाचे तंत्र आले. गुहेत पाऊल वाजले तर ते घुमावे, अरुंद बोळात वेगळे ऐकू यावे, यासाठीचे गणित त्या कार्डावरची चिपच करी. प्रोसेसरवरचा भार त्यामुळे हलका होई आणि खेळ खरोखरच अधिक सुरळीत चाले.

या वैभवाला दोन बाजूंनी ओहोटी लागली. इंटेलने १९९७ मध्ये एसी ९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ ही मानके आणली, आणि मदरबोर्डवरच स्वस्तात चांगला आवाज देणे शक्य झाले. दुसरा घाव सॉफ्टवेअरकडून बसला. २००७ मध्ये घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टाने ध्वनीची सगळी यंत्रणा नव्याने रचली आणि खेळांना साउंड कार्डाच्या चिपपर्यंत थेट पोहोचण्याचा डायरेक्टसाउंडचा जुना रस्ता बंद केला. तेव्हापासून खेळांतल्या आवाजाचे गणित बहुतांशी प्रोसेसरच करतो, आणि आजच्या प्रोसेसरला त्याचे ओझे जाणवतही नाही. चांगले कार्ड घातले की खेळ वेगाने पळतो, हा सल्ला अजून दिला जातो. त्याची मुदत केव्हाच संपली आहे.

कार्ड आवाजाच्या वाटेवर आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. यूएसबीने जोडल्या जाणाऱ्या हेडसेटमध्ये स्वतःचा डॅक असतो. ब्लूटूथ हेडफोनमध्येही तो असतोच. टीव्ही किंवा साउंडबार एचडीएमआयने जोडला असेल तर आवाज ग्राफिक्सच्या भागातून आकड्यांच्याच रूपात बाहेर पडतो आणि त्याचे रूपांतर पलीकडच्या यंत्रात होते. या तिन्ही प्रकारांत मदरबोर्डवरच्या ध्वनियंत्रणेला काही काम उरत नाही. तिथे महागडे कार्ड बसवले तरी कानाला तसूभर फरक पडणार नाही. फरक पडतो तो साध्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेने हेडफोन किंवा स्पीकर जोडणाऱ्यांना.

त्यांच्याही तक्रारी सारख्या नसतात. सर्वांत खरी तक्रार खरखरीची. संगणकाच्या पेटीत ग्राफिक्स कार्ड, पंखे आणि वीजपुरवठा यांच्यामुळे विद्युत गोंगाट सतत चालू असतो आणि तो आवाजाच्या नाजूक तारांत शिरतो. तपासणी फुकटात होते. काहीही वाजत नसताना हेडफोन कानाला लावून आवाजाची पातळी पूर्ण वाढवावी आणि माउस हलवून पाहावा किंवा एखादा जड खेळ उघडावा. (नंतर पातळी खाली आणायला विसरू नये, कानाची काळजी आधी.) माउस हलताना किर्र असा आवाज येत असेल किंवा खेळ सुरू होताच बारीक शिट्टी ऐकू येत असेल, तर दोष पेटीतल्या गोंगाटाचा आहे. तरीही खरेदीला निघण्यापूर्वी हेडफोन पेटीच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून पाहावा. पुढच्या जॅकची तार पेटीच्या आतून, बरेचदा ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते आणि वाटेत हा कचरा गोळा करते. अनेकांचा प्रश्न एवढ्याने मिटतो.

स्पीकरमधून येणारी संथ, एकसुरी घूं ही वेगळी गोष्ट. भारतात विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असतो आणि तोच सूर, किंवा त्याच्या दुपटीचा, स्पीकरमध्ये उतरतो. संगणक एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये थोडी तफावत असली, की आवाजाच्या केबलमधून नको असलेला प्रवाह फिरू लागतो. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणली तर बहुधा घूं थांबते. जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असूनही अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, तेव्हा काम इलेक्ट्रिशियनचे आहे, साउंड कार्डाचे नाही. प्लगची अर्थिंगची पिन कापून घूं घालवण्याचा जो उपाय सांगितला जातो तो जिवावर बेतू शकतो. लॅपटॉपमध्ये हाच दोष ओळखायला चार्जर काढून पाहणे पुरते.

दुसरी तक्रार ताकदीची. हेडफोनच्या खोक्यावर रोधाचा आकडा ओहममध्ये दिलेला असतो. फोनबरोबर वापरायचे हेडफोन साधारण १६ ते ३२ ओहमचे असतात आणि ते कशावरही वाजतात. स्टुडिओसाठी बनवलेले काही हेडफोन मात्र २५० किंवा ३०० ओहमचे असतात. सेनहायजरचा एचडी ६०० हे ३०० ओहमचे जुने आणि नावाजलेले उदाहरण. साध्या मदरबोर्डवर असा हेडफोन वाजतो, पण दबलेला वाजतो, आणि इथे वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचा फरक कुणालाही कळतो. उलट बाजूनेही अडचण येते. ज्या जॅकमधून आवाज निघतो त्यालाही स्वतःचा रोध असतो. तो हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशापेक्षा जास्त नसावा असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला जास्तीत जास्त ४ ओहमचा जॅक हवा. नाहीतर काही हेडफोनांचा खर्ज फुगतो आणि आवाजाचा तोल जातो.

जाहिरातींत भर दिला जातो तो मात्र बिट आणि किलोहर्ट्झच्या आकड्यांवर. सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतची कंपने बिनचूक परत मिळवता येतात, हा गणिती नियम आहे. माणसाचा कान तरुणपणीही जेमतेम २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो, म्हणून ४४,१०० हा आकडा पुरेसा ठरतो. १६ बिटमुळे सर्वांत मोठा आवाज आणि शांतता यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मिळते. शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास गलबला असतोच, तेव्हा हे अंतर घरी ऐकायला भरपूर झाले. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ यांचा उपयोग मुद्रण करणाऱ्याला आणि त्यावर पुढचे संस्करण करणाऱ्याला आहे, ऐकणाऱ्याला नाममात्र. बऱ्यापैकी महाग मदरबोर्डांवर दिसणाऱ्या रियलटेकच्या एएलसी १२२० या चिपसाठी कंपनी १२० डेसिबलचा आकडा देते. अडचण चिपमध्ये क्वचितच असते, ती चिपच्या आजूबाजूच्या मांडणीत असते.

कार्ड घ्यायचेच ठरले तर पेटीच्या आत की बाहेर, हा प्रश्न उरतो. आतले कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या स्लॉटमध्ये बसते. जुन्या पीसीआय स्लॉटची कार्डे सेकंड-हँड बाजारात स्वस्तात दिसतात, पण नव्या मदरबोर्डांवर तो स्लॉटच नसतो. बाहेरचा यूएसबी डॅक गोंगाटाच्या पेटीपासून दूर राहतो, लॅपटॉपलाही चालतो आणि उद्या संगणक बदलला तरी वाया जात नाही. बहुतेकांनी तोच घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराकडे साउंड कार्ड मागितले की एखाद-दोन हजारांचे खोके पुढे येते, त्यावर ७.१ असे ठळक लिहिलेले असते आणि पोर्ट मात्र दोनच असतात. ते ७.१ आभासी असते. त्यापेक्षा यूएसबी-सी फोनसाठी मिळणारा, नामवंत कंपनीचा बोटभर लांबीचा अडॅप्टर साध्या हेडफोनला स्वच्छ आवाज देतो. आतल्या कार्डाची खरी गरज उरते ती पाच-सहा स्पीकर वेगवेगळ्या तारांनी जोडणाऱ्यांना, आणि तीही मदरबोर्डमागे हिरवा, काळा, नारिंगी असे तिन्ही जॅक नसतील तरच. हिरवा पुढच्या स्पीकरांचा, काळा मागच्यांचा, नारिंगी मधल्या स्पीकरचा आणि सबवूफरचा, गुलाबी मायक्रोफोनचा.

खेळांत सर्वांत महत्त्वाचे असते दिशेचे भान. शत्रूची पावले डावीकडून आली की मागून, हे हेडफोनमध्ये कळावे म्हणून दोन्ही कानांपर्यंत आवाज पोहोचण्यातला सूक्ष्म फरक गणिताने तयार केला जातो. काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळांत ही सोय अंगचीच असते. विंडोजमध्येही विंडोज सॉनिक नावाने ती फुकट मिळते. खेळातली आणि विंडोजमधली अशा दोन्ही सोयी एकदम चालू केल्या, वर कार्डाची तिसरी, तर दिशा कळण्याऐवजी सगळे गढूळ होते. एकच चालू ठेवावी, शक्यतो खेळातली. ब्लूटूथ हेडफोन खेळासाठी टाळावा, कारण आवाज चित्राच्या मागून येतो.

चित्रपटांची नेहमीची तक्रार म्हणजे संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट मात्र शेजाऱ्यांना उठवणारे. चित्रपटाच्या सहा वाहिन्यांच्या मिश्रणात संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरमध्ये असतात. दोनच स्पीकर असताना संगणकाला पाच आहेत असे सांगितलेले असेल तर संवाद हरवतात. आधी ती मांडणी तपासावी. मोठ्या-लहान आवाजांतली दरी बुजवणारा लाउडनेस इक्वलायझेशन हा पर्याय विंडोजमध्ये अनेक ड्रायव्हरांबरोबर मिळतो. अ‍ॅम्प्लिफायर ऑप्टिकल केबलने जोडला असेल तर त्या केबलमधून असंपीडित आवाज दोनच वाहिन्यांचा जातो. सहा वाहिन्या हव्या असतील तर त्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस अशा आवळलेल्या स्वरूपातच पाठवाव्या लागतात. एचडीएमआयला ही मर्यादा नाही, म्हणून चित्रपटासाठी ती सरस.

संगीत ऐकणाऱ्याने खर्चाचा मोठा वाटा स्पीकर किंवा हेडफोनवर घालावा. डॅक-डॅकमधला फरक ओळखायला कान टवकारावे लागतात, स्पीकर-स्पीकरमधला फरक पलीकडच्या खोलीतूनही कळतो. घरी गाणे किंवा तबला मुद्रित करणाऱ्यांचा मामला निराळा. चांगल्या कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्ट लागतात आणि गुलाबी जॅक जेमतेम काही व्होल्ट देतो. त्यांनी खेळांचे कार्ड न घेता यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यावा. त्यात हे व्होल्ट मिळतात आणि आपलाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येण्याची अडचणही नसते.

बसवणे सोपे आहे. आतले कार्ड घालण्यापूर्वी वीज पूर्ण बंद करावी, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज काढावी आणि ग्राफिक्स कार्डापासून शक्य तितका दूरचा स्लॉट निवडावा. त्यानंतर ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. यूएसबी डॅकला बरेचदा त्याचीही गरज नसते, कारण विंडोज १० मध्ये २०१७ पासून यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार अंतर्भूत आहे. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये नवे साधन मुख्य म्हणून निवडावे. हे राहून गेल्याने नवे कार्ड मुके समजून परत केले जाते. नमुन्यांचा दर चित्रपट आणि खेळांसाठी ४८,००० आणि फक्त संगीतासाठी ४४,१०० ठेवावा. मदरबोर्डवरचा जुना आवाज गोंधळ घालत असेल तर तो बायोसमधून बंद करता येतो.