सामना कोणाचा, लहरी कोणाच्या?

२१ जानेवारी २००७ रोजी नागपूरला भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यात एकदिवसीय सामना झाला. बऱ्याच काळाने संघात परतलेल्या सौरव गांगुलीने ९८ धावा केल्या आणि भारत १४ धावांनी जिंकला. ज्यांच्या घरी निओ स्पोर्ट्स ही वाहिनी येत होती, त्यांनी हे सारे पाहिले. ज्यांच्याकडे फक्त दूरदर्शनचा अँटेना होता, त्यांना सामना थेट दिसला नाही. सामना भारतात, संघ भारताचा, मग वरकुट्यातल्या एखाद्या घरातला टीव्ही कोरा का राहावा? या प्रश्नाचे उत्तर एका करारात आहे आणि त्या कराराशी वरकुट्याचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

प्रक्षेपणाचे हक्क विकतात म्हणजे नेमके काय विकतात, हे आधी पाहू. धावा, झेल, बाद होणे यांवर कोणाची मालकी नसते. संयोजकाच्या ताब्यात असते ते मैदानाचे फाटक. कॅमेरे घेऊन कोणी आत यायचे, हे तो ठरवतो आणि त्या परवानगीचे पैसे घेतो. घेणारा मोठी किंमत मोजतो, कारण दुसऱ्या कोणालाही आत येऊ देणार नाही, असे वचन त्यात असते. त्या वचनाला भोक पडले की किंमत उतरते. पुढचे बहुतेक तंटे या भोकावरूनच झाले.

पहिला मोठा तंटा १९९३ चा. बंगाल क्रिकेट संघटनेने हीरो कप भरवला आणि प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन बिथरले. हक्कांसाठी पैसे द्यायचे सोडाच, सामने दाखवायचे असतील तर संघटनेनेच दर सामन्याला ५ लाख रुपये मोजावेत, अशी त्याची भूमिका होती. आज हे वाचून हसू येते, पण तेव्हा देशात दुसरा दुकानदारच नव्हता. उपग्रहाकडे सिग्नल पाठवण्याची परवानगी सरकारच्या हातात, कायदा १८८५ चा तारयंत्रांचा, आणि कंपनीची उपकरणे मुंबईत कस्टमने अडवलेली. प्रकरण न्यायालयात गेले, अंतरिम आदेश निघाले आणि स्पर्धा कशीबशी दिसली. उपांत्य सामन्यातले सचिन तेंडुलकरचे शेवटचे षटक लोकांच्या लक्षात राहिले, त्यामागचा खटला मात्र विसरला गेला.

त्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. माहिती देण्याचा आणि मिळवण्याचा हक्क हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि त्यात प्रेक्षकाचा पाहण्याचा हक्कही येतो, हे त्यात स्पष्ट झाले. दुसरे असे की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती मर्यादित असल्याने तिच्या वापरावर नियंत्रण हवे, पण ते सरकारची मक्तेदारी टिकवण्यासाठी नव्हे आणि पैसेवाल्याच्या ताब्यात देण्यासाठीही नव्हे. स्वायत्त प्रसार भारतीचा कायदा १९९० पासून पडून होता. तो अमलात आला १९९७ मध्ये.

अमेरिकेत असाच वाद महाविद्यालयीन फुटबॉलवरून झाला होता, पण त्याचा रोख निराळा. कोणत्या विद्यापीठाचे किती सामने टीव्हीवर दिसतील, हे तिथे एनसीएए ही त्यांची मध्यवर्ती संघटना ठरवी. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी तिच्यावर दावा लावला. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हे बंधन व्यापारस्पर्धेला मारक ठरवले. विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कॉलेजच्या काळातले नावाजलेले फुटबॉलपटू होते. तिथे प्रश्न होता विकायचे कोणी, हा. आपल्याकडे प्रश्न झाला, विकल्यावर प्रेक्षकाचे काय उरते?

तो प्रश्न २००६ नंतर ऐरणीवर आला. निंबस या कंपनीने भारतीय क्रिकेट मंडळाकडून चार वर्षांचे हक्क सुमारे ६१ कोटी डॉलरना घेतले. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते शरद पवार, आणि ते बारामतीचे, म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचेही, खासदार होते. दूरदर्शनला सिग्नल द्यावा, अशी सरकारची मार्गदर्शक सूचना नोव्हेंबर २००५ पासून होती, पण तिला कायद्याचे बळ नव्हते. निंबस अडून बसली. नागपूरच्या सामन्यानंतर दिल्ली उच्च न्यायालयाने तोड काढली ती अशी की दूरदर्शनने सात मिनिटे उशिरा दाखवावे. षटकार शेजारच्या घरात आधी आणि आपल्याकडे मागाहून!

फेब्रुवारीच्या सुरुवातीला केंद्राने अध्यादेश काढला आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल जाहिरातींविना प्रसार भारतीला द्यायचा, आणि दूरदर्शनला मिळणाऱ्या जाहिरात उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्कदाराचा. हा कायदा ११ नोव्हेंबर २००५ पासूनच लागू धरला गेला, म्हणजे निंबसचा करार आपोआप त्याच्या कक्षेत आला. ज्या मंडळाने हक्क विकले त्याचे अध्यक्ष या सरकारात कृषिमंत्री होते. यात लबाडी शोधायचे कारण नाही; परंतु विकणारा, नियम करणारा आणि प्रेक्षकांचा प्रतिनिधी या तिन्ही बाजूंना एकच नाव सापडते, हे नोंदवायला हवे.

कायद्यातही एक फट राहिली. केबलवाल्याला दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे सक्तीचे होते. त्यामुळे सामायिक सिग्नल केबलच्या घरांतही फुकट पोचू लागला. मग पैसे भरून क्रीडावाहिनी कोण घेणार, अशी हक्कदारांची तक्रार. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. हा सिग्नल फक्त प्रसार भारतीच्या जमिनीवरील प्रक्षेपणासाठी आणि तिच्या स्वतःच्या डीटीएच सेवेसाठी, खासगी केबलसाठी नाही.

याचा अर्थ उलटा वाटेल असा झाला. मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिश ज्याच्या छपरावर आहे, त्याला दूरदर्शनवर सामना मिळतो. दरमहा केबलचे पैसे भरणाऱ्याला त्याच सामन्यासाठी क्रीडावाहिनीचे वेगळे पैसे मोजावे लागतात. जमिनीवरील जुने प्रक्षेपक तर २०२२ पर्यंत बहुतेक बंदच झाले. आणि २००७ च्या कायद्यातले बंधन केबल, डीटीएच आणि रेडिओ यांच्यावरील थेट प्रक्षेपणापुरते आहे. ऊस तोडता तोडता बांधावर बसून मोबाइलवर जो सामना पाहिला जातो, त्याचा त्यात उल्लेख नाही.