एफ ८ वर अडणारी लेन्स

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क म्हणजे तिथल्या माणसांच्या तोंडी ‘डीआयपी’. जेबेल अलीच्या आतल्या बाजूला सुमारे २,३०० हेक्टरवर पसरलेली वसाहत. कारखाने, गोदामं, कामगारांच्या इमारती, आणि त्यांना लागूनच ग्रीन कम्युनिटीची झाडांतली घरं. २०२१पासून मेट्रोही इथे थांबते. इथल्या एका खोलीत रविवारी टेबलावर पांढरा सुती कपडा अंथरला जातो आणि त्यावर कुणाचा तरी जुना कॅमेरा येऊन बसतो. तो तपासणारा तंत्रज्ञ मूळचा कोल्हापूरकडचा. आठवडाभर कारखान्यातल्या मोजमापाच्या उपकरणांची देखभाल हे त्याचं काम, सुट्टीच्या दिवशी कॅमेरे.

आजचा कॅननचा डीएसएलआर चांगला दहा-बारा वर्षांचा आहे. मालक गणेशोत्सवात, बारशा-साखरपुड्यात हौसेने फोटो काढणारा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सूचना येते, की कॅमेरा आणि लेन्स यांचा संपर्क नीट होत नाही, लेन्सचे कॉन्टॅक्ट पुसा. मालकाने ते रुमालाने पुसले, खोडरबराने घासले. फरक शून्य. एका दुकानात सांगितलं, बॉडी गेली, नवीन घ्या.

“पुसायचं राहू द्या दादा. बंद पडतोय कधी, तेवढं सांगा.”

“तसा नेम नाही. आरतीला चालतो. बाहेर उन्हात ग्रुप फोटो घ्यायला गेलो की अडतो.”

“मग नेम आहे की!”

आरतीच्या वेळी उजेड कमी असतो, म्हणून लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे पात्यांनी लहान-मोठं होणारं भोक, पूर्ण उघडं, या लेन्सवर एफ ४. उन्हात ग्रुप फोटो काढताना ते एफ ८ किंवा एफ ११ वर जातं. अशा लेन्सची पाती एरवी उघडीच असतात आणि शटर दाबल्यावर क्षणभर मिटतात. एफ ४ वर त्यांना हलायची गरजच पडत नाही. एफ ८ वर मात्र पात्यांच्या मोटरपर्यंत हुकूम पोचावा लागतो. तो पोचला नाही, की कॅमेरा संपर्क तुटल्याचं जाहीर करतो.

तंत्रज्ञ झूम २४ मिलिमीटरवर ठेवतो, एफ ४ वर फोटो काढतो. निघतो. तिथेच एफ ८ करून डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबतो. या बटणाने फोटो न काढताच पाती मिटतात. लेन्सच्या तोंडातून पाहिलं तर मधलं भोक लहान व्हायला हवं. होत नाही, उलट पडद्यावर तीच सूचना येते. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला आणि झूम ७० वर नेऊन बटण दाबलं, तर पाती झटकन मिटली. पुन्हा २४ वर, पुन्हा अडली. ऑटोफोकस मात्र दोन्हीकडे बिनबोभाट चालतो, म्हणजे सोनेरी कॉन्टॅक्टवरून निरोप जा-ये करताहेत. तुटलंय ते त्यांच्यापुढे, लेन्सच्या पोटात. खात्रीसाठी तो बॉडीवर स्वतःची साधी ५० मिलिमीटरची लेन्स चढवतो आणि एफ ८ वर चार-सहा फोटो काढतो. सगळे येतात. बॉडी ठणठणीत आहे.

दोष फ्लेक्सचा. फ्लेक्स म्हणजे पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीत तांब्याच्या केसासारख्या वाटा. झूम फिरवला की लेन्समधले भाग पुढे-मागे सरकतात आणि ही पट्टी दरवेळी दुमडते. वर्षानुवर्षं दुमडून एखादी वाट तडकते. एका झूमवर तडा दाबला जाऊन जोड लागतो, दुसऱ्यावर फाकतो. झूम लेन्सची ही जुनी दुखरी नस आहे, आणि ‘कॉन्टॅक्ट पुसा’ या सूचनेने नेमकी तीच झाकली जाते.

कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणला आणि बॉडी-लेन्समधले यांत्रिक दांडे काढून टाकून सगळा कारभार विजेवर नेला. अचूकता वाढली, पण अ‍ॅपर्चर पूर्णपणे तारांच्या भरवशावर गेलं. २००५च्या ३५०डीसारख्या कॅमेऱ्यांवर तर नुसता ‘एरर ९९’ यायचा, आणि त्यात बॅटरीपासून शटरपर्यंत काहीही असू शकायचं. सिग्माच्या फिल्मच्या जमान्यातल्या काही लेन्स कॅननच्या डिजिटल बॉडीवर अशाच वागतात. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो येतो, जरा मिटवलं की एरर. तिथे काही तुटलेलं नसतं, लेन्समधली चिप नव्या बॉडीचे हुकूम समजू शकत नाही. अशी लेन्स विकत घेण्याआधी एफ ८ वर एक फोटो काढून पाहावा.

निकॉनची गोष्ट वेगळी. १९५९च्या एफ माउंटमध्ये अ‍ॅपर्चर हलवायला लहानसा दांडा होता, आणि डी९०सारख्या डिजिटल कॅमेऱ्यांतही तो राहिला. या कॅमेऱ्यांवर ‘एफईई’ दिसलं की लोक घाबरतात. बहुतेक वेळा जुन्या डी लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग पिशवीतून काढताना फिरलेली असते. ती सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे बहुधा २२ वर नेऊन लॉक केली की काम होतं. दुरुस्तीचा एक दिरहमही लागत नाही.

खरोखर मळलेले कॉन्टॅक्टही इथे पाहायला मिळतात. ऑगस्ट-सप्टेंबरात हवा इतकी दमट असते, की एसीच्या खोलीतून बाहेर आणलेल्या कॅमेऱ्यावर लगेच दव धरतं. त्यावर बारीक वाळू बसते. म्हणून कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर न्यावा आणि बाहेरच्या हवेइतका तापल्याशिवाय पिशवी उघडू नये. पुसायचं झालं तर कॅमेरा बंद करून, बॉडीचं तोंड खाली धरून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने. बॉडीकडच्या पिना स्प्रिंगवर असतात. एखादी आत रुतून बसली असेल तर तिरक्या उजेडात तिची उंची शेजारणीपेक्षा कमी दिसते. सँडपेपर कधीही लावू नये. वरचा सोन्याचा मुलामा एकदा गेला की खालचा धातू गंजतो आणि नसलेला दोष खरोखरच जन्माला येतो. खोडरबराचे कण बॉडीत पडतात, तेही टाळलेलं बरं.

मालकाच्या लेन्सला नवी फ्लेक्स घालायची ठरते. माउंटचे स्क्रू जपानी घाटाचे असतात. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि स्क्रूचं डोकं खातो. म्हणून तंत्रज्ञाकडे त्यांच्यासाठी वेगळे ड्रायव्हर आहेत. आतल्या कागदासारख्या पातळ चकत्या निघाल्या त्याच क्रमाने परत बसाव्या लागतात, नाहीतर फोटोची एक बाजू धूसर येते. प्रत्येक टप्प्यावर तो मोबाइलने फोटो काढून ठेवतो. पट्टीचा जोड नखाच्या टोकाएवढा आहे, आणि सोल्डरिंगच्या वेळी खोलीत कुणी बोलत नाही. हे काम घरी करून पाहण्याचं नाही.

पण तपासणी घरी करता येते. कॅमेरा अडला की एफ क्रमांक आणि झूम लिहून ठेवा, मित्राची लेन्स आपल्या बॉडीवर आणि आपली लेन्स त्याच्या बॉडीवर लावून पाहा, आणि मगच दुकानात जा. बॉडी गेली असं कुणी सांगितलं, तर दुसऱ्या लेन्सने एफ ८ वर काढलेला फोटो त्याला दाखवा.