तबकडी अर्ध्यावर थांबली तेव्हा

आर्केडिया अल्वाराडो ही न्यू मेक्सिकोची गव्हर्नर. मेक्सिकोतून आलेल्या आईबापांची मुलगी, घटस्फोटित, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरण्याच्या बेतात. एका रात्री निर्मनुष्य रस्त्यावर तिला आणि तिच्या पूर्वीच्या नवऱ्याला गाडीत जाग येते, पण मधले तास काही केल्या आठवत नाहीत. पुढे आठवू लागतं ते परग्रहवासीयांनी केलेलं अपहरण. हे उघड बोलली तर राजकारण संपलं; गप्प बसली तर आक्रमण थोपवणार कोण? ती निवडणूक लढवायचं ठरवते.

पॉल कॉर्नेल यांनी लिहिलेली आणि रायन केली यांनी चितारलेली ‘सॉसर कंट्री’ ही कॉमिक मालिका डीसी या अमेरिकी प्रकाशनाच्या व्हर्टिगो शाखेने २०१२ मध्ये सुरू केली. १४ अंक निघाले आणि २०१३ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी तिचा पहिला संग्रह ह्यूगो पुरस्काराच्या नामांकनात होता!

न्यू मेक्सिकोची निवड विचारपूर्वक आहे. १९४७ मध्ये याच राज्यात, रॉझवेलजवळ, काही अवशेष सापडले. लष्कराने आधी ‘उडती तबकडी’ म्हटलं आणि लगेच शब्द फिरवून हवामानाचा फुगा. पुढे १९९४ मध्ये हवाई दलाने सांगितलं की ते सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणाऱ्या गुप्त फुग्यांचे अवशेष होते. म्हणजे सरकार लपवत होतंच; फक्त लपवलेली गोष्ट पृथ्वीवरचीच होती. अशा अर्धसत्यातूनच अफवांना बळ मिळतं. कॉर्नेल तबकड्यांकडे लोककथा म्हणून बघतात, त्यासाठी त्यांनी लोककथांचा एक प्राध्यापकच कथेत आणला आहे. या मालिकेचं खरं मोल मला त्यात वाटतं.

२०१७ मध्ये आयडीडब्ल्यू या दुसऱ्या प्रकाशनाने ‘सॉसर स्टेट’ नावाने सहा अंकांत कथा पुढे नेली. आर्केडिया आता राष्ट्राध्यक्ष झाली होती. कथेचे हक्क निर्मात्यांकडे होते, म्हणून तिला नवं घर मिळालं.

आपल्या इंद्रजाल कॉमिक्सचं असं झालं नाही. १९६४ साली टाइम्स समूहाने ती सुरू केली आणि मराठीतही काढली. कोकणात आरवलीचा ग्रामदेव वेतोबा ज्या मुलखाची राखण करतो, तिथल्या पोरांना कवटीच्या गुहेतला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, परका वाटायचं कारण नव्हतं. जादूगार मँड्रेकच्या कथांत तर आकाशगंगेचा सम्राट मॅग्नॉनही भेटायचा. पण वेताळ आणि मँड्रेक अमेरिकेतल्या किंग फीचर्सच्या मालकीचे. १९९० मध्ये प्रकाशन थांबलं आणि मराठी इंद्रजाल तिथेच संपलं. वेताळ इतरत्र छापला जात राहिला. मराठीतले संवाद मात्र जुन्या अंकांतच उरले.

आणि आमच्या कुडाळच्या पावसात जुना कागद टिकत नाही. बुरशी आणि वाळवी वर्षभरात पेटी फस्त करतात. तुमच्या माळ्यावर असे अंक असतील तर रद्दीत घालू नका. उन्हं पडली की बाहेर काढा, वाळवा, आणि घरात वाचणारं कोणी नसेल तर गावच्या वाचनालयात नेऊन द्या.