मुदतीचा पाहुणचार

आषाढी वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीस येते तेव्हा धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात, मेंढ्यांचे रिंगण होते. आल्या पाहुण्याला मुक्काम किती, असे विचारू नये, हा या मुलखाचा संस्कार. याच भागातील निवृत्त शिक्षक वा कारकून परदेशी मुलाकडे जातो, तेव्हा मात्र विमानतळावरच त्याच्या मुक्कामाची तारीख ठरते.

उतारवयात येऊन राहणाऱ्या परकीयांची सोय काही देशांनी केली आहे. पण ती नात्यावर नव्हे, ठेवीवर उभी आहे. थायलंडमध्ये वयाची 50 वर्षे पूर्ण झालेल्या परकीयाने तेथील बँकेत 8 लाख बाटांची शिल्लक किंवा दरमहा 65,000 बाटांचे उत्पन्न दाखविले, की निवृत्त म्हणून एक वर्षाची मुदतवाढ मिळू शकते. दर 90 दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. नोकरी करता येत नाही. वर्ष सरले की पुन्हा तीच कागदपत्रे, तीच परीक्षा.

मराठी मुले मोठ्या संख्येने ज्या अमेरिकेत गेली, तेथे निवृत्तांसाठी असा व्हिसाच नाही. पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांना बहुधा सहा महिने मिळतात. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत निराळी असते आणि ती वाढविण्याचा अर्ज ती संपण्यापूर्वीच करावा लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कॅनडाने 2011 मध्ये आईवडिलांसाठी ‘सुपर व्हिसा’ आणला. 2022 पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षे राहता येते. मात्र किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा अनिवार्य आहे. ब्रिटनने 2012 मध्ये नियम इतके कडक केले, की मायदेशी शुश्रूषा मिळणे अशक्य आहे असे सिद्ध करू शकणाऱ्या जर्जर आईबापांनाच कायम वास्तव्याची आशा धरता यावी.

याबद्दल परक्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वार्धक्य आणि औषधोपचार यांचा भार कोणत्याही राज्याच्या तिजोरीस जड वाटणारच. विचार करावयाचा तो आपणच. मुदतवाढ हा हक्क नव्हे, ती यजमान देशाची मर्जी होय. नियम एका वर्षात बदलतात. साठी ओलांडलेल्या माणसाला नवे घर उभारण्यास मात्र एक वर्ष पुरत नाही. म्हणूनच मुलाच्या आग्रहाखातर गावचे घर विकून निघणे हा ममतेचा निर्णय असला तरी शहाणपणाचा नव्हे. नातवंडांकडे अवश्य जावे. पण घराची किल्ली, बँकेतील खाते आणि नोव्हेंबरात द्यावयाच्या हयातीच्या दाखल्याची व्यवस्था शाबूत ठेवून.

गावाचीही काही जबाबदारी आहे. मुले दूर असलेल्या वृद्धांना वेळेवर औषध आणि अडीअडचणीला माणूस गावातच मिळाला, तर म्हातारपण तारखेच्या शिक्क्यावर टांगून ठेवण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही. पालखीसाठी पायघड्या अंथरणाऱ्या गावाला एवढे अवघड नसावे.