उसाच्या ट्रॅक्टरला डॅशकॅम घेताना

गाळप हंगाम सुरू झाला की लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर रात्री उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात, बहुतेकांच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या. अशा वाहनाला डॅशकॅम घेताना आधी मागचा विचार करा. ट्रॅक्टरवर बसवलेल्या मागच्या कॅमेऱ्याला फक्त ऊस दिसतो, आणि मागून येणारी मोटारसायकल धडकते ती शेवटच्या ट्रॉलीला. म्हणून दुसरा कॅमेरा तिच्याच मागच्या बाजूला हवा. ट्रॉली सोडताना वायरही सुटली पाहिजे. तेव्हा हुकापाशी पाणी न शिरणारा जोड घ्या.

मोटारीचा कॅमेरा इथे चालत नाही. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर धूळ, पाऊस नि ऊन थेट येते. मोटारसायकलसाठी मिळणारा, आयपी६७ दर्जाचा, शक्यतो बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवर चालणारा घ्या. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॅटरी फुगते.

धक्का बसला की डॅशकॅम ते चित्रण जपून ठेवतो. ट्रॅक्टर तर सतत हादरतो! धक्क्याची संवेदनशीलता कमी ठेवली नाही, तर असल्या जपलेल्या तुकड्यांनीच कार्ड भरते.

अपघात झाल्यास कार्ड लगेच काढून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र लागते. पण कॅमेऱ्याआधी ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा. त्याने जीव वाचतो.