‘तुझा आयपी काढलाय, आता घरी येतो!’

ऑनलाइन गेममध्ये हरलेला भिडू चिडला की हमखास ही धमकी देतो आणि पलीकडचं आठवी-नववीतलं पोर गर्भगळीत होतं. तर आधी जीव भांड्यात पडू द्या. आयपी ॲड्रेस म्हणजे इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेला क्रमांक. त्यावरून देश बहुतेकदा बरोबर कळतो, शहर कधी जुळतं, कधी हुकतं. घर नंबर, मजला, दार? यातलं काहीच कळत नाही. कसं ते पाहा.

आकड्यात गाव नसतं
पिनकोड ४११ ने सुरू झाला की पुणं, हे टपाल खात्यानं ठरवून दिलंय. आयपीत तशी सोय नाही. ० ते २५५ मधले चार आकडे, मध्ये टिंबं, झालं. आपल्या भागातले आयपी वाटतं ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचं ‘एपनिक’. त्यांच्या दप्तरी ‘अमुक गठ्ठा अमुक कंपनीला दिला’ अशा नोंदी असतात. कंपनीनं तो कोल्हापुरात वापरला की कोलकात्यात, याचा अंदाज दुसऱ्याच खासगी कंपन्या बांधतात. नकाशावर दिसणारी टाचणी म्हणजे तो अंदाज.

एका शेतावर ६० कोटी आयपी!
अंदाज चुकला की काय होतं, ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात दिसलं. ‘मॅक्समाइंड’ या कंपनीकडे कोट्यवधी आयपी असे होते, की ते अमेरिकेत आहेत यापलीकडे काहीच माहिती नव्हती. त्यांच्यासाठी कंपनीनं देशाचा मध्य धरला आणि आकडे सुटसुटीत करून ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम असा बिंदू टाकला. त्या बिंदूवर पॉटविन गावाजवळचं एक शेतघर होतं. मग दहाएक वर्षं तिथं रांग लागली. घोटाळेबाजांना शोधणारे पोलिस आले, एफबीआयची माणसं आली, रुग्णवाहिका आल्या. कुणी तर रागानं फुटका कमोड आणून टाकला. शेवटी ‘लांब राहा, आधी मला फोन करा’ अशी पाटी शेरीफलाच वाटेवर लावावी लागली. २०१६ मध्ये एका पत्रकार महिलेनं हे कोडं सोडवलं. त्यानंतर कंपनीनं टाचणी उचलून एका तलावाच्या मधोमध ठेवली. राहणाऱ्यांचा दोष काय, तर त्यांचं घर एका गोल आकड्यावर होतं.

एक आयपी, वापरणारे शेकडो
चार आकड्यांच्या पद्धतीत एकूण आयपी सुमारे ४२९ कोटी. जगाच्या साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. त्यामुळे मोबाइल कंपन्या एकच आयपी एका वेळी अनेक ग्राहकांना वापरायला देतात. घरच्या राउटरमध्ये ‘वॅन’पुढे १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यानं सुरू होणारा आयपी दिसला, तर तुम्हीही अशाच वाटेकऱ्यांपैकी एक. शिवाय मोबाइलचं इंटरनेट कंपनीच्या मोठ्या केंद्रातून बाहेर पडतं. म्हणून सांगलीत कडक ऊन असताना एखादी वेबसाइट तुम्हाला मुंबईचा पाऊस दाखवू शकते.

प्रकाशाची पट्टी
अंदाज बांधायची एक युक्ती मात्र भन्नाट आहे. काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. एखाद्या यंत्राकडून उत्तर यायला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागले, तर ते १,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाही. जगभरातल्या अनेक ठिकाणांहून असं मोजलं की जागा आवळत आणता येते. हे मोजणारा ‘पिंग’ प्रोग्राम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्यांनी त्याला नाव दिलं. दुसरा सुगावा म्हणजे वाटेतल्या राउटरांची नावं. त्यांत बऱ्याचदा विमानतळाची अक्षरं असतात. ‘बीओएम’ दिसलं की समजायचं, गाडी मुंबईवरून गेली.

आयपी भारताचा, मुक्काम सिंगापूर
एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं व्हीपीएन (म्हणजे आपला आयपी झाकून दुसरा देणाऱ्या) कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपून ठेवण्याचा आदेश दिला. ‘एक्स्प्रेसव्हीपीएन’नं आपले सर्व्हर भारतातून हलवले, पण भारतीय आयपी देणं चालूच ठेवलं. ते देणारी यंत्रं मात्र सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये. म्हणजे देशसुद्धा दर वेळी बरोबर निघेलच असं नाही.

सिनेमातला अशक्य आयपी
१९९५ च्या ‘द नेट’ या हॉलिवूडपटात ७५.७४८.८६.९१ असा आयपी दिसतो. दुसरा आकडा २५५ च्या पुढे गेलाय, म्हणजे असा आयपी असूच शकत नाही. पुस्तकांत उदाहरण द्यायचं असेल तर त्यासाठी काही आयपी मुद्दाम राखून ठेवलेत. २०३.०.११३ ने सुरू होणारे हे त्यांतलेच.

मग पोलिस कसे पोहोचतात?
नकाशा बघून नव्हे, रीतसर पत्र देऊन. अमुक आयपी अमुक तारखेला, अमुक वेळी कुणाकडे होता, हे इंटरनेट कंपनीच्या नोंदीत असतं. आयपी अनेकांत वाटलेला असेल तर नेमका वाटेकरी ओळखायला जोडणीचा पोर्ट नंबरही लागतो. या नोंदीत चूक झाली तर माणूस भरडला जातो. २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावरच्या, शिवाजी महाराजांबद्दलच्या आक्षेपार्ह मजकुराचा तपास पुणे पोलिस करत होते. त्यांनी बंगळूरच्या एका तरुण इंजिनिअरला पकडलं आणि त्याला ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. नंतर कळलं, दूरसंचार कंपनीनं आयपीचा तपशीलच चुकीचा दिला होता. आयपी हा तपासाचा पहिला धागा आहे, पुरावा नव्हे. हे तपास करणाऱ्यानं आणि बातमी वाचणाऱ्या आपणही पक्कं लक्षात ठेवायला हवं.

खरी चुगली फोन करतो
तुमची जागा काही मीटरपर्यंत सांगू शकतं ते जीपीएस. त्याच्या जोडीला आजूबाजूचे वायफाय राउटर आणि मोबाइलचे टॉवर असतातच. आणि ही माहिती ॲपला आपणच ‘अलाऊ’ म्हणून देतो. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून नेमक्या जागेऐवजी ‘अंदाजे’ जागा देता येते. हवामानाच्या ॲपला तेवढं पुरतं. फोटोच्या फाइलमध्येही जागा नोंदलेली असू शकते, तेव्हा कॅमेऱ्याची ती सेटिंग आजच बघून घ्या.

धमकी आलीच तर
घर सापडतं ते बहुधा आपणच बोलता बोलता सांगितलेल्या गोष्टींतून: शाळेचं नाव, सोसायटीच्या गेटसमोरचा फोटो, क्लासची वेळ. मुलांना हे आधी समजावा. धमकी आली तर उलट उत्तर न देता स्क्रीनशॉट घ्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि तारखेसोबत वेळही मिनिटापर्यंत लिहा. आयपीमागचा माणूस शोधायचा तर कंपनीच्या नोंदी त्या वेळेवरूनच चाळल्या जातात.