नकार ऐकूं न येणारा नवरदेव

पाहुणे मुलगी पाहून गेले म्हणजे त्यांच्या मागें घरांत जी चर्चा चालते, तींत एका प्रकारच्या वराविषयीं सर्वांचें मत हटकून एक होतें. शिक्षण, पगार, घराणें यांपैकीं कशांतच खोड काढतां येत नाहीं. मनुष्य व्यसनी नसतो, तापटहि नसतो. परंतु होकार आपल्या खिशांतच आहे, आतां फक्त तिथि ठरावयाची राहिली आहे, अशा थाटानें तो पोहे खात असतो. आमच्या घरीं आलेल्या अशाच एका पाहुण्यानें आमच्या पुतणीस एक अक्षरहि न विचारतां, आपल्या दिवाणखान्यांतील पडद्यांचा रंग तिला नक्की आवडेल असें आम्हांस सांगून टाकलें होतें. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं सर्वांनीं मिळून 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिका पाहिली. तींत मिस्टर कॉलिन्स दाराशीं गाडींतून उतरला मात्र, आणि आमच्या वहिनी उद्गारल्या, "अगबाई, पडदेवाला!"

जेन ऑस्टिनबाईंची ही कादंबरी १८१३ सालीं प्रसिद्ध झाली. बी. बी. सी. नें तिची सहा भागांची मालिका १९९५ च्या शरद ऋतूंत दाखविली. रूपांतर अँड्र्यू डेव्हिस यांचें, दिग्दर्शन सायमन लँग्टन यांचें. तिचा बोलबाला झाला तो डार्सीची भूमिका करणाऱ्या कॉलिन फर्थमुळें. तळ्यांत उडी घेऊन ओल्या सदऱ्यानें घरीं परतणाऱ्या त्या नायकाचें कौतुक अद्यापि ओसरलेलें नाहीं. मूळ कादंबरींत तो प्रसंगच नाहीं, ही गोष्ट निराळी! आमचें लक्ष मात्र वेधून घेतलें तें एका दुय्यम पात्रानें. कॉलिन्सची भूमिका डेव्हिड बँबर या नटानें केली आहे. आम्ही तिच्याविषयीं जों जों विचार करितों तों तों ती आम्हांस नुसती विनोदी वाटेनाशी झाली आहे.

ज्यांनीं कादंबरी वाचलेली नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. बेन्नेट नांवाच्या एका गृहस्थास पांच मुली आहेत, मुलगा नाहीं. त्याच्या जमिनीचें उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, परंतु ती मिळकत पुरुष वारसाकडेच जावी अशा अटीनें बांधलेली. हा वारस म्हणजे दूरचा नातेवाईक कॉलिन्स. बापाचे डोळे मिटले कीं आई व पांच बहिणी यांनीं राहतें घर त्याच्या स्वाधीन करावयाचें. मुलींच्या वांट्यास यावयाचे ते आईच्या पश्चात् एकेकीस हजार पौंड, म्हणजे चार टक्क्यांनीं वर्षास चाळीस पौंड. आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणें जन्मतःच हिस्सा मिळाला तो महाराष्ट्रांत १९९४ च्या कायद्यानें व साऱ्या देशांत २००५ च्या दुरुस्तीनें. तेव्हां ही कोण्या परक्या देशांतील विक्षिप्त चाल म्हणून हंसण्याचा हक्क आपल्यालाहि फार जुना नाहीं.

कॉलिन्स हा धर्मोपदेशक आहे. लेडी कॅथरिन डी बर्ग या श्रीमंत सरदारणीच्या कृपेनें त्याला एका गांवचें उपाध्येपण मिळालें आहे, आणि ती सांगेल तें त्यास वेदवाक्य. बाईंच्या वाड्यांतील एका शेकोटीच्या चौकटीस आठशें पौंड पडले, खिडक्यांच्या कांचांना किती खर्च आला, हें सारें तो अशा अभिमानानें सांगतो कीं, जणूं पैसे यानेंच मोजले. असा मनुष्य बेन्नेटच्या घरीं येतो तो वाईट हेतूनें नव्हे. आपल्या हातून या मुलींचें नुकसान होणार, तर त्यांतील एकीचें पाणिग्रहण करून त्याची भरपाई करावी, असा उदार विचार त्यानें केलेला असतो! थोरलीचें दुसरीकडे जमण्याचा संभव आहे असें तिच्या आईनें सुचवितांच तो विनातक्रार दुसरीकडे, म्हणजे नायिका एलिझाबेथकडे, वळतो. दुकानांत एक कापड संपलें म्हणून शेजारचें घ्यावें, इतकें तें सहज घडतें.

बँबर या नटाचें कौशल्य येथें आहे. कॉलिन्स मूर्ख आहे हें तो प्रेक्षकांस सांगत नाहीं. आपण फार शहाणे, सुसंस्कृत व हवेहवेसे आहों अशी ज्याची मनोमन खात्री आहे, अशा मनुष्याचें तो काम करितो, व हंसण्याचें काम आपल्यावर सोपवितो. तेल चोपडून कपाळावर बसविलेले केंस, किंचित् कलती मान, ओलसर हसूं, आणि दिवाणखान्यांतहि प्रार्थनामंदिरांतील प्रवचनासारखा चढता-उतरता आवाज. वाक्य संपल्यावर तो क्षणभर थांबतो. ती विश्रांति नव्हे. ऐकणाऱ्यांनीं कौतुक करावें म्हणून ठेविलेली ती जागा आहे. स्त्रियांची स्तुति करण्याचीं वाक्यें आयत्या वेळीं सुचतात, कीं आधीं तयार केलेलीं असतात, असें यजमान त्यास मिस्किलपणें विचारतो. तेव्हां आपण कधीं कधीं तीं अगोदर रचून ठेवितों, परंतु तीं तशीं वाटूं नयेत अशी खबरदारी घेतों, असें तो आनंदानें कबूल करितो. आपली थट्टा चालली आहे याचा संशय त्याच्या चेहऱ्यास शिवतहि नाहीं.

एक तक्रार मात्र नमूद करावीशी वाटते. कादंबरींतील कॉलिन्स पंचविशीचा, उंच, जड अंगाचा व गंभीर चेहऱ्याचा आहे. बँबरनें हें काम केलें तें चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि पहिल्या कांहीं प्रसंगांत तो तेलकटपणा जरा अधिकच ओततो. नृत्याच्या प्रसंगीं चुकीच्या दिशेस वळून एलिझाबेथची त्रेधा उडवितो, तेथें हास्य मिळतें खरें, पण तें सोपें हास्य आहे. इतका ओंगळ मनुष्य दाखविला म्हणजे त्याला नकार देणें फारच सोपें होऊन बसतें. १९४० च्या अमेरिकन चित्रपटांत मेल्व्हिल कूपरच्या कॉलिन्सला धर्मोपदेशकाऐवजीं ग्रंथपाल करून टाकलें होतें. २००५ च्या चित्रपटांतील टॉम हॉलंडर ठेंगणा, गंभीर, हातांत एक लहानसें फूल घेऊन मागणी घालावयास येतो, आणि त्याची थोडी कींवच येते. बँबरची कींव आरंभीं येत नाहीं. ती येते फार उशिरां, व तेव्हां ती त्याच्याकरितां नसते.

मागणीचा प्रसंग मात्र निर्दोष आहे. आईनें इतर मुलींस खोलीबाहेर पिटाळलेलें. एलिझाबेथचें काम करणारी जेनिफर ईल बसलेली, आणि हा आपल्या विवाहाचीं कारणें अनुक्रमानें मांडूं लागतो: गांवापुढें उदाहरण घालून देणें हें एक, स्वतःचें सुख वाढणें हें दुसरें, आणि लेडी कॅथरिनबाईंची तशी आज्ञा आहे हें तिसरें, जें खरें तर पहिलें असावयास हवें होतें. मुलीचें नांव कोणत्याच कारणांत नाहीं. ती नम्रपणें नकार देते. तो हंसतो. थोर घराण्यांतील मुली पहिल्यानें, कधीं दुसऱ्यानें, क्वचित् तिसऱ्यानेंहि नाहीं म्हणतात हें त्यास ठाऊक आहे! ती पुन्हा नाहीं म्हणते. त्याचें हंसू अधिकच प्रसन्न होतें. बँबरच्या चेहऱ्यावर या वेळीं उद्धटपणाचा लवलेश नाहीं. आहे ती सहनशील, समजूतदार माया, लहान मुलाच्या हट्टाकडे वडील माणसानें पाहावें तशी. आणि याच जागीं आमच्या घरांतील हंसणें हळूहळू थांबलें.

कारण हा मनुष्य जें म्हणतो तें व्यवहारतः खरेंच आहे. दुसरी मागणी येईलच याची खात्री नाहीं, तुझ्याजवळ पैसा नाहीं, आणि मी तर या घराचा भावी धनी, हें तो तोंडावर सांगतो, व त्यांतील एकहि वाक्य खोटें नाहीं. त्याचा आत्मविश्वास त्याच्या गुणांतून आलेला नाहीं. तो उसना आहे. कांहीं लेडी कॅथरिनकडून, कांहीं वारसाहक्काच्या कागदांतून. देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकांतील भुजंगनाथाची ऐट अशीच होती. पिकल्या वयांत बोहल्यावर चढावयास निघालेला तो म्हाताराहि स्वतःच्या रूपावर नव्हे, तर थैलीवर विसंबून असतो. ज्याला जगानें कधीं नाहीं म्हटलेलें नाहीं, त्याच्या कानाला तो शब्द ओळखूं येईल कसा? आमच्या पडदेवाल्यासहि नकार कळविल्यावर आठ दिवसांनीं त्याच्या मातोश्रींचा दूरध्वनि आला: मुलीची परीक्षा वगैरे आटोपली असेल, तर आतां पुढचें बोलूं या. आमची पुतणी त्या वेळीं तीन वर्षें नोकरी करीत होती.

ऐनवेळीं दाखविलेल्या या मायेखालीं काय आहे तें पुढें उघडें पडतें. धाकटी बहीण लिडिया पळून गेल्यावर कादंबरींतील कॉलिन्स समाचाराचें पत्र लिहितो. मालिकेंत तो स्वतः येतो. ती मेली असती तर बरें झालें असतें, अशा अर्थाचें सांत्वन तो मृदु, धार्मिक स्वरांत करितो. तेव्हां याचा नकार पचलेला नव्हता, फक्त सांठवून ठेवलेला होता, हें बँबर एका तृप्त नजरेनें सांगून जातो.

मध्यंतरीं त्याचें लग्न झालेलें असतें. एलिझाबेथनें नाकारल्यावर अवघ्या तीन दिवसांत तिचीच मैत्रीण शार्लट लूकस त्याला होकार देते. शार्लट सत्तावीस वर्षांची, रूपानें बेताची, पैशानें तर त्याहून बेताची. आमच्या घरीं खरा वाद पेटला तो येथें. पुतणी म्हणाली, शार्लटनें स्वतःस विकलें. वहिनी म्हणाल्या, भावांच्या आश्रयास आयुष्यभर राहणें ही तरी फुकटची वस्तु होती काय? आम्हीं त्यांना एक हकीकत सांगितली. १८०२ च्या डिसेंबरांत स्वतः ऑस्टिनबाईंस एका जमीनदाराच्या वारसानें मागणी घातली होती. सत्ताविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आलेला. त्यांनीं रात्रीं होकार दिला, आणि सकाळीं उठून परत घेतला. पुढें त्या अविवाहितच राहिल्या, व घर मिळालें तें भावाच्या कृपेनें. म्हणजे नाहीं म्हणणारी एलिझाबेथ व हो म्हणणारी शार्लट, या दोघींसहि त्या एका रात्रींत भेटून आल्या होत्या. एवढ्यानें वाद मिटला नाहीं, हें उघडच आहे.

एलिझाबेथ मग मैत्रिणीचा संसार पाहावयास जाते. हें धर्मोपदेशकाचें घर म्हणून रटलंड परगण्यांतील टीघ गांवचें एक जुनें घर व लेडी कॅथरिनचा वाडा म्हणून लिंकनशायरमधील बेल्टन हाउस दाखविलें आहे. कॉलिन्स आपलें घर दाखवितो तो भाग पुन्हा हास्याचा. कपाटांत फळ्या बसवाव्यात ही लेडी कॅथरिनबाईंची सूचना, म्हणून त्या फळ्यांपुढेंहि तो आदरानें उभा. मग दोघी मैत्रिणी एकट्या बसतात. लूसी स्कॉट या नटीनें शार्लटचें काम फारच संयमानें केलें आहे. नवऱ्याला बागेंत खपावयास आपण उत्तेजन देतों, तो वाड्यावर रोज जातो, मग त्याच्या पुस्तकांच्या खोलींत बसतो, आणि असे कित्येक दिवस जातात कीं आमची भेट घटकाभरहि होत नाहीं, असें ती शांतपणें सांगते. कादंबरींत आणखी एक बारीक गोष्ट आहे. शार्लट बसण्यासाठीं घरांतील चांगली खोली न निवडतां मागच्या बाजूची निवडते, कारण पुढची खोली सुखाची असती, तर नवरा तींतच येऊन बसला असता. हें आम्हीं पुस्तक काढून वाचून दाखविलें.

आमच्या आत्याबाई इतका वेळ कांहींच बोलल्या नव्हत्या. इंग्रजी त्यांना पुरतें कळत नाहीं. पुतणी मधून मधून अर्थ सांगत होती. त्यांचे यजमान गांवांत मानाचे, चार माणसांत बोलूं लागले म्हणजे सभा गप्प बसे असे. त्यांना जाऊन आतां वीस वर्षें झालीं. त्यांनीं चष्मा काढून पदरानें पुसला, आणि म्हणाल्या, "मीहि दुपारची मागच्याच खोलींत बसत असें. तिथें शिवणयंत्र होतें, म्हणून कोणाला कांहीं वाटलें नाहीं."